घशातलं हाड

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. नाशिकला पंख्याखाली आडवा झालो होतो, तेवढ्यात दोंडाईच्याहून पुतण्याचा फोन आला. मागे लग्नघरातला गलका, हळदीची गाणी, जनरेटरची घरघर, आणि त्या सगळ्यातून पोराचा रडवेला आवाज. "काका, ठमीच्या घशात कायतरी अडकलंय. श्वासच घेता येत नाहीये तिला. कुणीतरी मांड्याचा तुकडा टाकला होता म्हणे. हात घालून काढू का?"

ठमी म्हणजे आमच्या दोंडाईच्याच्या घरची पग. चपट्या तोंडाची, बटबटीत डोळ्यांची, चार वर्षांची. दिवसभर ओट्यावर लोळते आणि रात्री आमच्या वहिनीच्या पलंगाखाली इतकी घोरते की पाहुण्यांना वाटतं भाऊच घोरतोय :)

पण त्या दिवशी हसू आलं नाही. "हात घालून काढू का" हे शब्द ऐकले आणि पोटात गोळाच आला. कारण हेच वाक्य मी याच घरात, याच ओट्यावर, १९७९ साली ऐकलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

मी काही डॉक्टर नाही. उभी हयात बँकेत गेली. पण एक जुना मित्र पशुवैद्य आहे. त्याला दुसऱ्या लाइनवर घेतलं. त्याने शांतपणे विचारलं, लस टोचली आहे का? दरवर्षी, पुतण्या म्हणाला. जबडा लोंबतोय का, की तोंड मिटता येतंय? मिटता येतंय. जिभेचा रंग? जांभळट. मग तो म्हणाला, "फोन तिच्या तोंडाजवळ धर आणि सगळ्यांना गप्प कर."

हळदीची गाणी थांबली आणि फोनमधून तो आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र... ओली गोणी फरशीवरून ओढत न्यावी तसा.

"हात घालू नका," मित्र म्हणाला. "हा अडकल्याचा आवाज वाटत नाही, हा टाळूचा आहे. हात घातला तर ती घाबरेल, आणि घाबरली तर संपलीच. गळ्यातला पट्टा काढा. गर्दी हटवा. अंगावर साधं पाणी ओता, बर्फ नको. पंखा लावा. आणि गाडीचा एसी सुरू करून धुळ्याला निघा."

पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी त्या १९७९च्या ओट्यावर जायला हवं.

आमच्या गल्लीत मोत्या नावाचा एक कुत्रा होता. कुणाचाच नाही आणि सगळ्यांचाच, असा. सकाळी आमच्याकडे भाकरी, दुपारी मिरचीच्या मार्केटात हमालांच्या डब्यातलं काहीबाही, रात्री परत आमच्या ओट्याखाली. आमचे नाना काका मार्केटात मापाडी होते. मोत्या त्यांच्या मागेमागे असायचा. दोंडाईच्याच्या मिरचीचा हंगाम ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, लाल मिरचीचे ढीग पडले की माणूस काय, जनावर काय, सगळ्या गावाला ठसका लागतो. त्यामुळे मोत्या खाकरायला लागला तेव्हा पहिले एक-दोन दिवस कुणी लक्ष दिलं नाही.

मग त्याचं भुंकणं बदललं. घोगरं, मधेच तुटणारं. खालचा जबडा लोंबायला लागला, तोंडातून लाळेच्या तारा. पाण्याच्या भांड्यात तोंड घालायचा पण पाणी घशाखाली उतरायचं नाही. बघणाऱ्याने एकच म्हणावं, आणि नाना काका तेच म्हणाले, "हाडूक अटकी गयं."

आजी दारातून ओरडली, "तोंडमा हात नको घालू रे पोऱ्या!" काकांनी ऐकलं नाही. मोत्या त्यांचा. मोत्याने त्यांना कधी दात लावला नव्हता, त्या दिवशीही लावला नाही. काकांनी एका हाताने जबडा धरला, दुसरा हात कोपरापर्यंत लाळेने भरेस्तोवर घशात घालून चाचपला. हाड काही सापडलं नाही. हात धुतला, चहा प्यायला, मार्केटात गेले. आदल्याच दिवशी गोणी शिवताना दाभण लागून त्यांच्या बोटाला जखम झालेली होती.

मोत्या तिसऱ्या दिवशी बैलगाडीखाली मरून पडला. ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी लांबूनच काठीने त्याची मान वळवून पाहिली आणि विचारलं, "याच्या तोंडात हात कोणी घातला होता का?"

पिसाळलेला कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावत सुटलेला, दिसेल त्याला चावणारा कुत्रा येतो. पण रेबीजचं दुसरंही एक रूप असतं. त्याला मुका रेबीज म्हणतात. विषाणू मेंदूत पोचून जबड्याच्या आणि घशाच्या नसा लुळ्या पाडतो. मग जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बसतो. हुबेहूब घशात हाड अडकल्यासारखं. कुत्रा चावत नाही, उलट केविलवाणा दिसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर माया करणारा माणूस आपणहून हात पुढे करतो. लाळेत विषाणू, हातावर जखम. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला आजही हे पहिल्यापासून बजावतात, की घशात काही अडकलंय असं वाटणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालण्याआधी रेबीजचा विचार करा.

नाना काकांना पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज एक. त्या काळची ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली असे. डेव्हिड सेंपल या डॉक्टरने ती १९११ साली कसौलीला बनवली, आणि आपल्या देशात तिचं उत्पादन थेट २००४च्या अखेरीस थांबलं. या लशीनेच क्वचित कुणाला लकवा होत असे, त्यामुळे एका भीतीवर दुसरी भीती. ते दिवस आमच्या घराने कसे काढले ते मी विसरलेलो नाही. काका पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे आणि सगळं घर श्वास रोखून त्यांच्या गळ्याकडे बघायचं. घोट खाली उतरला की आजी डोळे मिटायची. काका वाचले. पुढे बत्तीस वर्षं जगले. पण कुत्रा मात्र त्यांनी पुन्हा पाळला नाही.

(आज लस दंडात देतात, चार-पाच डोस असतात, आणि ती सुरक्षित आहे. पण चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ, काहीही झालं तरी आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरच्या पोरांना हे पाठ करून घ्या.)

तेव्हापासून कुत्र्याचा घसा हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसलाय. निवृत्त झाल्यावर याचा इतिहास शोधायला लागलो. तुम्ही म्हणाल, कुत्र्याच्या घशाला कसला आलाय इतिहास? मलाही तसंच वाटायचं. पण शोधत गेलो तसं एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. माणसाला श्वासाबद्दल आणि घशाबद्दल जे कळलं, त्यातलं बरंचसं कुत्र्याच्या जिवावर कळलं. आणि ते ज्ञान कुत्र्याच्या वाट्याला आलं मात्र सगळ्यात शेवटी.

सुरुवात करू लंडनपासून. रॉबर्ट हूक हे नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं, सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या पेशी बघणारा तो. १६६४ साली त्याने एका कुत्र्याची छाती उघडली आणि श्वासनळीत भात्याने हवा भरत त्याला तासाभराहून जास्त वेळ जिवंत ठेवलं. त्या जनावराचे हाल खुद्द हूकलाच बघवले नाहीत, असा प्रयोग पुन्हा करणं जमेलसं वाटत नाही, असं त्याने पत्रात लिहिलं. पण १६६७ साली, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले त्याच्या पुढच्याच वर्षी, रॉयल सोसायटीसमोर त्याने तो पुन्हा केलाच. या वेळी फुप्फुसांना बारीक छिद्रं पाडून त्यांतून सतत हवा वाहती ठेवली. फुप्फुसं हलत नव्हती, तरी कुत्रा जिवंत होता. म्हणजे जगायला छातीचं हलणं लागत नाही, ताजी हवा आत पोचणं लागतं. आज अतिदक्षता विभागात रुग्णाच्या श्वासनळीत नळी घालून यंत्राने हवा देतात, त्यामागचं मूळ तत्त्व हेच.

हवा पोचली पाहिजे हे कळलं. ती कुठे अडते ते दिसणार कसं? घसा हा अंधारा बोळ. त्यात पहिल्यांदा नीट डोकावला तो डॉक्टर नव्हताच, गाण्याचा मास्तर होता. मानुएल गार्सिया, मूळचा स्पेनचा. आवाज नेमका निघतो कुठून या ध्यासापायी १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा पडजिभेशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःचं स्वरयंत्र उघडताना-मिटताना पाहिलं.

पुढे १८९७ साली, इकडे पुण्यात प्लेग आणि रँडचा खून गाजत होता तेव्हा, जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्ताव किलियन या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत सरळ नळी उतरवली आणि अडकलेला तुकडा चिमट्याने बाहेर काढला. काय होतं ते? हाड! डुकराचं. घशातल्या हाडाचा हा किस्सा वाचला तेव्हा मला नाना काका आठवले. त्यांनी अंधारात हात घातला, किलियनने आधी उजेड नेला आणि मग हात.

वळणारी दुर्बीण यायला अजून वेळ होता. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येतं हे १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबच्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या शिगेतो इकेदांनी त्यावरून फुप्फुसाची लवचीक दुर्बीण बनवली.

आणि १९७४ साली अमेरिकेत हेन्री हाइमलिक. जेवताना घास अडकलेल्या माणसाला मागून मिठी मारून पोटावर, बरगड्यांच्या खाली, आत आणि वर झटका द्यायचा. ही युक्ती त्याने आधी कुणावर करून पाहिली? भूल दिलेल्या बीगल कुत्र्यांवर. त्यांच्या श्वासनळीत तोंड बंद केलेली नळी मुद्दाम अडकवायची आणि पोट दाबल्यावर ती उडून बाहेर येते का ते पाहायचं. आली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कुत्र्याचा सरकारी इतिहास सुरू होतो तो त्याला मारण्यापासून. मुंबईत उन्हाळ्यात बेवारस कुत्रे मारायची कंपनी सरकारची पद्धत होती, मारणाऱ्याला बक्षीस मिळे. जून १८३२मध्ये याविरुद्ध पारशी लोक भडकले, दंगल झाली, दुकानं बंद पडली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. सरकारला पिसाळलेल्या कुत्र्याची भीती होती, तीही खोटी नव्हती, कारण पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा कुणाकडेच इलाज नव्हता. पाश्चरची लस यायला १८८५ साल उजाडावं लागलं, आणि भारतात ती टोचणारी पहिली संस्था कसौलीला निघाली १९०० साली.

पुढे पारशांनीच वेगळी वाट दाखवली. १८८०च्या दशकात परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, बाई साकरबाई यांच्या नावाचं. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. लष्करातले पशुवैद्य, झपाटलेला माणूस. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, १८८८ साली त्यांचा फक्त कुत्र्यांच्या आजारांवरचा एक सबंध ग्रंथ निघाला. तेव्हा सरकारला पशुवैद्य हवे होते ते फौजेच्या घोड्यांसाठी आणि शेतीच्या बैलांसाठी. अशा वेळी कुत्र्यावर ग्रंथ! १८९१ साली स्टील गेले, अगदी तरुण वयात. पण परळला शिकून बाहेर पडलेले पदवीधर जिल्ह्याजिल्ह्यांत पोचत राहिले.

अर्थात ते आमच्या तालुक्यात आले ते ढोरांसाठीच. आमच्या खान्देशातला शेतकरी बैलाच्या घशाची घरघर बरोबर ओळखतो. पावसाळ्याच्या तोंडाला बैलाचा गळा सुजला, श्वास घर्र घर्र वाजायला लागला की तो म्हणतो घटसर्प, आणि रात्री-अपरात्री डॉक्टरच्या दाराशी जातो. बैलावर घर चालतं. मोत्याच्या घशासाठी कोण जाणार? मोत्याला आमच्या गल्लीने भाकरी दिली, लस दिली नाही. टोचायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. काकांच्या चौदा इंजेक्शनांचं मूळ तिथे आहे, हाडात नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आज कुत्र्याच्या वाट्याला ते ज्ञान आलंय. माझ्या मित्राकडून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, कान द्या. अडथळा नाकात, टाळूत, स्वरयंत्रात असेल तर त्रास श्वास आत घेताना जास्त होतो. उसाचा रस कागदी नळीने जोरात ओढला की नळी चपटी होते ना, तसंच. नरम भिंती आत ओढल्या जातात. घोरल्यासारखा ओला आवाज असेल तर दोष बहुधा नाकात किंवा टाळूमागे. कर्कश, शिट्टीसारखा असेल तर स्वरयंत्रात. म्हाताऱ्या लॅब्राडोरचं भुंकणं बसलं आणि चालताना शीळ वाजायला लागली तर स्वरयंत्राचे पडदे लुळे पडलेले असू शकतात. पामेरियनसारखं छोटं कुत्रं हंसासारखं कॅक-कॅक खोकत असेल तर श्वासनळीच्या कड्या सैल पडलेल्या असू शकतात, त्याच्या गळ्यात पट्टा नको, छातीचा पट्टा बांधा. नेमकं काय ते मात्र गुंगी देऊन, दुर्बिणीने किंवा एक्स-रेनेच ठरतं.

दुसरं, श्वास अडलेल्या कुत्र्याला आधी तपासायचं नाही, आधी शांत करायचं. अडथळा आला की तो जोर लावतो, जोराने आतली त्वचा सुजते, सुजेने वाट अजून अरुंद होते, त्यात अंग तापतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि धाप टाकायची वाटच बंद. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या ऑक्सिजन, थंडावा, हलकं गुंगीचं औषध, सुजेवर स्टेरॉइड. तेवढ्याने भागलं नाही तर भूल देऊन श्वासनळीत नळी. तीही जात नसेल तर गळ्याला खालून छेद देऊन थेट श्वासनळीत वाट करायची.

तिसरं, खरंच काही अडकलं असेल तर? लस टोचलेला, आपल्या ओळखीचा कुत्रा असेल, वस्तू समोर दिसत असेल आणि सहज निघणार असेल तरच काढा. आंधळेपणाने बोटं घालू नका, वस्तू आणखी खोल जाते. श्वास अजिबात बंद असेल तर छोट्या कुत्र्याला डोकं खाली करून धरा, मोठ्याला बरगड्यांच्या मागे, पोटावर, आत आणि पुढे झटका द्या. बीगलांकडून आपण शिकलेली युक्ती अशी त्यांच्याच जातीला परत करता येते.

आता ठमी. तिच्या घशात मांडा नव्हता, हाड नव्हतं, काहीच नव्हतं. तिचा घसाच अडथळा होता.

पग ही जात चीनमधून युरोपात गेली. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं त्यात त्याचा पग शेजारी बसलाय. ते चित्र जरूर शोधून बघा. त्या पगला नाक आहे! चांगलं पुढे आलेलं. मग १८७३ साली इंग्लंडात केनेल क्लब निघाला, कुत्र्यांची प्रदर्शनं भरायला लागली, कुठली जात कशी दिसावी हे कागदावर आलं. चपटं तोंड गोंडस ठरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच निवडत गेले. हाड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. लहान खोलीत मोठ्या वाड्याचं सामान कोंबावं तसं. नाकपुड्या चिरेएवढ्या, मऊ टाळू लांब होऊन स्वरयंत्रावर लोंबणारा. याच्या उलट आपल्या दख्खनचा मुधोळ हाउंड बघा. मुधोळच्या घोरपडे राजांनी नावारूपाला आणलेला. लांब, निमुळतं तोंड, उन्हातान्हात ससा धरणारा.

आणि हा पग आमच्या दोंडाईच्याला पोचला कसा? टीव्हीने पोचवला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीला पाहून घरोघरी पांढरी केसाळ पिल्लं आली होती, आठवतंय? तसंच २००३ साली हच मोबाइलची ती जाहिरात आली. गोव्याच्या वाटांवरून एका मुलाच्या मागेमागे जाणारा छोटा पग. जाहिरात खरंच सुंदर होती, मीही चॅनल बदलायचा थांबायचो. हच २००७ साली व्होडाफोन झालं, आता तेही नाव बदललं, पण लोक पगला अजून 'हचवाला कुत्रा'च म्हणतात. आमच्या पुतण्याचा जन्मसुद्धा तेव्हा झाला नव्हता, तरी चार वर्षांपूर्वी त्याने हट्ट धरला तो त्याच कुत्र्यासाठी. जाहिरातीत घोरणं ऐकू येत नाही, आणि खान्देशातला ४४ अंशांचा मे महिनाही दिसत नाही.

धुळ्याचा रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता म्हणे. वहिनी मागच्या सीटवर ओल्या साडीचा पदर ठमीच्या पोटावर धरून बसली होती. पोचले तेव्हा ती निपचित झालेली. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, गुंगी दिली, सूज उतरवली. संध्याकाळी जीभ गुलाबी झाली. महिन्याभराने नाशिकला तिचं ऑपरेशन केलं. नाकपुड्या मोठ्या केल्या आणि लोंबणारा टाळू कापून आखूड केला. भूल देणं हीच अशा कुत्र्यांत जोखीम, त्यामुळे शुद्धीवर येऊन ती स्वतः उभी राहीपर्यंत डॉक्टर तिच्या शेजारून हलले नाहीत. मी बाहेर बाकावर बसलो होतो. इंजेक्शनं चालू होती त्या दिवसांतली आजी मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. शहाद्याच्या एका ओळखीच्या माणसाकडे नर पग आहे. आता ठमी बरी झाली तर पिल्लं घ्यावीत असं घरात ठरतंय. आमच्या दोन पाहुण्यांनी पिल्लू सांगूनही ठेवलंय. पैशाचा प्रश्न नाही, हौस आहे, मला कळतं. फोनवर मी नको म्हणालो तर भाऊ म्हणाला, "अरे, आता तर तिचं नाक मोठं केलंय ना?"

भाऊ, नाक डॉक्टरने मोठं केलंय. ते तिच्या रक्तात नाही उतरत. तिची पिल्लं तिच्या जन्माच्या नाकाने जन्मतील, आणि त्यांतलं प्रत्येक पिल्लू कुणाच्या तरी लग्नघरात, मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता असंच पडेल. आणि तिथे कुणीतरी मायेपोटीच म्हणेल, हात घालून काढू का? नेदरलँड्समध्ये इतक्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करायला बंदी आहे. इंग्लंडात केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठाबरोबर २०१९ साली अशा कुत्र्यांच्या श्वासाची प्रतवारी सुरू केली, की पैदाशीआधी बघा तरी. आपल्याला कायद्याची वाट बघायचं कारण नाही. ज्या दोघांनी पिल्लू सांगितलंय (ते हे वाचतील, मला माहीत आहे) त्यांना मी स्वतः दोंडाईच्याच्या मार्केटातलं एकेक गावठी पिल्लू लस टोचून आणून देतो. मोत्याच्याच वंशातलं असेल कदाचित. नाक लांब असेल, याची हमी.

निर्णय भाऊ-वहिनीचा आहे. मी माझं सांगितलं.

जाता जाता एक. परवा वहिनीशी बोलत होतो. म्हटलं, आता झोप लागते ना, ठमी घोरत नाही तर? म्हणाली, कसली झोप! चार वर्षं त्या आवाजाची सवय. आता रात्री दोन-तीनदा जाग येते, सगळं शांत असतं, मग खाली वाकून तिच्या नाकापाशी बोट धरते. वारा लागला की पुन्हा झोपते.